साहेबांची इटालीण

साहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे बोट दाखवलं नाही. ही स्तुती नव्हे, निव्वळ माहिती आहे. कोर्टात आरोपी ओळखायची वेळ आली तरी ते अख्खा पंजा उलगडून पुढे करायचे, जणू त्याला "या, बसा पाटावर" म्हणताहेत. रस्ता सांगताना पंजा, भाजीवाल्याला वांगी दाखवतानाही पंजा. एका नव्या न्यायाधीशांना तर वाटलं, हा वकील आपल्याला गप्प बसायची खूण करून राहिला. दोघांची जुंपता जुंपता राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "बोट हे चापावर ठेवाचं असते राज्या. अन् चापावरही तवाच, जवा माराचं पक्कं असंल. एरवी त्याले निजू द्याव."

अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीतच ऑफिस. फौजदारी-दिवाणी थोडंफार असायचं, पण खरं काम हत्यारांच्या परवान्यांचं. परवाना मिळाला नाही, नूतनीकरण अडलं, बापाची बंदूक लेकाच्या नावावर होत नाही, असे लोक पार वाशीम-बुलडाण्याहून त्यांच्याकडे यायचे. जिल्ह्यात नकार मिळाला की अपील अमरावतीला, आयुक्तांपुढे. म्हणून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती हा रस्ता आम्ही दोघांनी एसटीच्या खिडकीतून पाहून पाहून पार विटवला होता. मी बार्शीटाकळीचा, कास्तकाराच्या घरातला. सनद घेऊन त्यांच्या हाताखाली आलो तो तिथलाच झालो. त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे म्हणत 'इटलीवाले वकील'. इटली त्यांनी पाहिली होती ती फक्त नकाशात.

नावाचं कारण कपाटात होतं. त्यांचे वडील डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात लष्करासोबत ते इटलीत गेले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा सडायला लागलेला पाय त्यांनी वाचवला, आणि त्या म्हाताऱ्यानं पहिल्या महायुद्धापासून जपलेलं आपलं पिस्तूल त्यांच्या हातात ठेवलं. घरी आल्यावर वडिलांनी रीतसर परवाना काढला, आणि पुढे ते वारशानं साहेबांकडे आलं. साहेब त्याला 'इटालीण' म्हणायचे. एवढीशी काळी चीज, तळहातात मावणारी. "आज इटालीण रुसली" म्हणजे स्प्रिंग अडकली असं आम्ही समजायचं. गंमत म्हणजे त्यांनी तिच्यासाठी एक काडतूसही कधी विकत घेतलं नाही. "काहून घेऊ? कोनाले माराचं हाय? मले तिची घडण पाहाले आवडते, बस."

आणि घडण ते दाखवायचेही. ज्याला नको असेल त्यालाही दाखवायचे. पंख्याखाली बसलेला अशील घाम पुसत आपल्या कामाचं विचारतोय, आणि साहेब इटलीत पोचलेले. युद्ध दाराशी आलं आणि इटलीच्या फौजेकडे पिस्तुलं पुरेनात, म्हणून घाईघाईत ही छोटी जात बनवली गेली. घाईत केलेली असूनही साधी आणि मजबूत निघाली. हिच्या स्लाइडची, म्हणजे नळीवरच्या सरकत्या खोळीची, पाठ वरून उघडी, तिथून नळी सरळ वर उचलून काढता येते. आणि हिची खरी खुबी पुढेच. बाकीच्या पिस्तुलांत रिकामी पुंगळी बाहेर फेकायला वेगळा दांडा असतो. हिच्यात तो नाही. जी पिन काडतुसाला ठोकते, तीच मागे येऊन रिकाम्या पुंगळीला ढुशी देते. "एकच बाई सैपाकही करते अन् भांडेही घासते," असं साहेब म्हणायचे. आतून काकूंचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, आवाज यायचा, "त्यात काय नवल हाय?"

हिच्या आधी इटलीत एक वेगळं पिस्तूल होतं, त्याची गोष्ट साहेब जास्त रंगवून सांगायचे. त्याची डावी बाजू म्हणजे एक झाकण, आणि ते झाकण एका स्क्रूवर टेकलेलं. म्हणून त्याचं काडतूस मुद्दाम कमी दारूचं बनवलेलं. घोळ असा, की जर्मनांचं दमदार काडतूसही मापानं अगदी तेवढंच. गडबडीत शिपाई ते भरायचे, ते आत बसायचंही, बारही उडायचा. चार दिवस ठीक, मग एकेक सांधा ढिला. "आत जात नसतं तं बरं झालं असतं न! जाते, हाच घोटाळा हाय," असं म्हणून ते थांबायचे आणि मग वाक्य टाकायचे: "जाते म्हणून चालते असं नाई." हे वाक्य त्यांनी कुठं कुठं वापरलं! माझ्या अर्जातल्या ओढूनताणून बसवलेल्या मुद्द्याला, शेजारच्या पोरीला सांगून आलेल्या स्थळाला, काकूंनी दुरुस्त न करता दामटलेल्या मिक्सरला. मला त्या काळी कंटाळा यायचा. आता कुणी नव्या वकिलानं तसला अर्ज पुढे केला की तेच वाक्य माझ्या तोंडातून निघतं आणि मला माझाच राग येतो.

काम घेण्याआधी अशिलाची परीक्षा असायची. टेबलाच्या खणात सागवानी लाकडाचं एक हुबेहूब पिस्तूल होतं, सरकणाऱ्या स्लाइडसकट. ते हातात देऊन म्हणायचे, "हे खाली हाय, आत गोळी नाई, असं दाखवा मले." दहांतले नऊ जण मॅगझिन काढायचे आणि "झालं" म्हणायचे. की साहेब कपाळाला हात लावायचे. "अन् नळीतलं चेंबर कोन पायनार, मामा पायनार? एक गोळी तेथं बसून असते न! आधी मॅगझिन, मंग चेंबर! घरातले मानसं मरतात ते भरलेल्या पिस्तुलानं नाई मरत भाऊ, खाली हाय म्हनलेल्या पिस्तुलानं मरतात." दुसरी परीक्षा अंगठ्याची. त्यांच्या इटालिणीचं सेफ्टीचं कुलूप अर्धं वर्तुळ फिरतं, आणि ते ज्या हातात हत्यार त्याच हाताच्या अंगठ्यानं, न थरथरता फिरायला हवं. लाकडी पिस्तुलालाही त्यांनी तसंच कुलूप करून घेतलं होतं. एका गब्बर म्हाताऱ्या अशिलाचा अंगठा अर्ध्यातच लटलटायला लागला, तर साहेबांनी त्याचं काम घेतलं नाही. "जमा करा," म्हणाले. "हात थरथरला की हत्यार सोडाचं. हा माहा कायदा हाय, सरकारचा नसंल." म्हातारा शिव्या घालत गेला. महिन्याभराची कमाई गेट उघडून गेली, हे काकूंनी जेवताना ऐकवलं. साहेब निवांत वरणात पोळी कुस्करत होते.

काकूंचा आणि इटालिणीचा झगडा दर दसऱ्याला ठरलेला. शस्त्रपूजेला पाटावर इटालीण, तिच्याभोवती झेंडू, आपट्याची पानं, सगळं साग्रसंगीत. काकू कुंकवाचं बोट घेऊन पुढे आल्या की साहेब मध्ये पंजा घालायचे.

"कुंकू नाई. तिले तेल पायजे."

"सवाशीण आणली घरात अन् कुंकू नाई म्हनता? असं कोठं असते?"

"अवं, कण जाते सांध्यात. ओल धरते. गंज येते."

"मी येवढे वर्ष लावून राहिली, मले कोठं गंज आला?"

शेवटी तह व्हायचा, कुंकू चामड्याच्या म्यानाला. पण काकू हात धुता धुता पुटपुटायच्याच, "एक डाव लावून तं पाहा. काही नाई होत." पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. मी दर वर्षी सोनं द्यायला जायचो तो खरं म्हणजे हे भांडण ऐकायला.

गंज हा शब्द मात्र त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. दर रविवारी पूजा आटोपली की सतरंजी, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, तेलाची बाटली. नळी वर उचलायची, स्प्रिंग पुसायची, बोटाला तेल लावून आतून फिरवायचं. एका निवडणुकीच्या वेळी ठाण्यातला हवालदार सहज म्हणाला, "साहेब, इथं गंज दिसून राहिला." ती सावली होती. साहेबांनी खिशातून भिंग काढून त्याला दाखवलं, आणि पुढची अख्खी आचारसंहिता त्याच्याशी बोलले नाहीत.

निवडणुकीचं कळायला हवं. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. बाकीचे लोक पोत्यात घालून बंदुका आपटून जायचे. साहेब म्यानावर मऊ फडकं गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून न्यायचे. ठाण्यात आधी मॅगझिन, मग चेंबर, हवालदाराला दोन्ही पाहायला लावायचे, मग इटलीचा इतिहास. हवालदार बदलत गेले, इतिहास तोच. आणि गेल्या काही वर्षांत तर निवडणुकांची लाइनच लागली. लोकसभा झाली, विधानसभा आली, ती उरकते तोवर नगरपालिका, महापालिका. घरी आणून चार रविवार होतात न होतात तोच पुन्हा जमा. "मायी इटालीण सासरी कमी अन् माहेरीच जास्त राहून राहिली," असं साहेब ठाण्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले. त्या पायऱ्या ते आता कठडा धरून उतरत होते. मीही काही तरणा राहिलेलो नाही. आम्ही दोघं खालच्या टपरीवर चहा घेऊन बसलो. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, आणि उठायचं कुणाच्याच जिवावर येत नव्हतं.

काकू गेल्या त्या विधानसभेच्या आधीच्या पावसाळ्यात. साधा ताप म्हणता म्हणता. लेकरूबाळ नव्हतंच. तेराव्यानंतर साहेब ऑफिसात बसायला लागले, पण अशील आला की पुस्तकाऐवजी आतल्या दाराकडे पाहायचे. त्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो तर पाट नव्हता, झेंडू नव्हता. "कराचं कोनासाठी?" एवढंच म्हणाले. मी आपट्याचं पान त्यांच्या हातात ठेवलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं, पान थरथरत होतं.

नूतनीकरणाची वेळ आली आणि डॉक्टरी तपासणीत हाताचा कंप लिहून आला. जिल्ह्यातून नकार. वय, कंप, आणि वारस नाही म्हणून दुसऱ्याच्या नावावर करायचीही सोय नाही. इटालीण त्या वेळी ठाण्यातच होती. आता ती परत येणार नव्हती. अशा बेवारस हत्यारांचं शेवटी काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं: ढिगानं तोडतात आणि वितळवतात. साहेब रात्रंदिवस तेच बोलायचे. "मले देऊ नका, पर तोडू नका. तशी दुसरी या मुलखात नसंल बाप्पा. शंभर वर्षाची म्हातारी हाय, तिले भट्टीत घालता?" सरकारी वस्तुसंग्रहालयांना विचारून झालं. कुणी उत्तर दिलं नाही, एकानं दिलं ते जागा नाही म्हणून.

मग अपील. साहेबांच्या नावानं, साहेबांसाठी, आणि वकील मी. आयुष्यभर दुसऱ्यांची अपिलं घेऊन ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्यानं आता आपली. पहिल्या तारखेला आयुक्त दौऱ्यावर. पुढच्या तारखेला बैठक. त्याच्या पुढच्या तारखेला आमचं प्रकरण पुकारलं आणि वीज गेली. अमरावतीच्या स्टँडवर आलुबोंडा खायचा, वर्तमानपत्रानं वारा घ्यायचा आणि उभ्यानं परत यायचं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही नका येत जाऊ, मी पाहतो. तर म्हणाले, "तिची तारीख हाय, मी घरी बसू?"

मी तयारी मात्र कसून केली होती. कंप औषधानं कमी होतो असं दुसऱ्या डॉक्टरचं म्हणणं, इतक्या वर्षांत एक काडतूसही घेतलेलं नाही ही वागणूक, पिस्तुलाचं दुर्मिळपण, सगळं. शेवटी एकदाची सुनावणी झाली. आयुक्त सभ्य माणूस होता. मी बोललो तेवढं त्यांनी शांतपणे ऐकलं. मग फाइल बाजूला सारून साहेबांकडेच वळले. "वकीलसाहेब, तुम्ही इथं कितीतरी लोकांसाठी उभे राहिलात. मी तुमच्या अनुभवावर सोडतो. तुमच्यासारखा हात घेऊन एखादा अशील तुमच्याकडे आला असता, तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?"

मी मनात म्हटलं, जिंकलो. नुसतं म्हणायचं होतं, औषध घेऊन पाहा, परवाना सांभाळा. साहेब माझ्यापेक्षा पट्टीचे वकील. ते उभे राहिले. टेबलाची कड धरली. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी हवेत तसाच फिरवून पाहिला, अर्धं वर्तुळ. तो मध्येच लटलटला. आम्ही तिघांनीही तो पाहिला.

"जमा कर म्हनलं असतं," साहेब म्हणाले. मग नीट शुद्ध भाषेत, कोर्टात बोलायचे तसं: "माझं अपील मी मागे घेतो."

मला असा संताप आला की काय सांगू! एवढे हेलपाटे, एवढी उन्हं, ती आलुबोंड्याची जळजळ, आणि हा माणूस एका वाक्यात सगळं पाण्यात घालतो. पण तोंड उघडलं ते निराळ्याच गोष्टीसाठी. मी विनंती केली की परवाना नाही तर नाही, पण हत्यार तोडू नये. अधिकाऱ्यांनी बराच वेळ पेनाशी खेळून शेवटी ते मान्य केलं. पिस्तूल कायमचं निकामी करून पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या जागी काचेत ठेवावं.

परतीच्या एसटीत मी मूर्तिजापूरपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. साहेबच बोलले. "रागावला काय रे? आरे, खोटं जमलं असतं. आत गेलं असतं, बरोबर बसलं असतं." पुढचं त्यांनी म्हटलं नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "थकलो बाप्पा." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या खांद्यावर मान टाकून ते अकोल्यापर्यंत झोपले.

निकामी करायचं काम पोलीस मुख्यालयात. साहेबांनी हजर राहायची परवानगी काढली होती. तिथला आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारा हवालदार, चांगला हाताचा माणूस होता. त्यानं न सांगता आधी मॅगझिन काढलं, मग चेंबर पाहिलं, आणि साहेबांचा चेहरा जरा निवळला. "पिनच घासाची न?" त्यानं विचारलं. साहेबांनी मान हलवली. "तेवढीच. एक पिन गेली की तिचे दोनी कामं बंद. ठोकनंही नाई, फेकनंही नाई. बाकी कोठं हात लावू नका."

आर्मररनं स्लाइड मागे घेतली, नळी वर उचलली आणि आत टॉर्च मारला. मग थांबला. कापसाच्या बोळ्याला तेल लावत सहज म्हणाला, "साहेब, इथं खाली गंज धरला हाय. काढून टाकतो."

मी डोळे मिटले. आता ह्या माणसाची काही खैर नाही. भिंग निघणार, इटली निघणार, जेवणाची सुट्टी होईपर्यंत आम्ही इथून सुटत नाही. पण डोळे उघडून पाहिलं तर साहेब वाकले होते. नळीच्या खाली, जिथं पिस्तूल पूर्ण सोडवल्याशिवाय कुणाची नजर जात नाही, तिथं तेलात भिजून विटकरी झालेला एक ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा. बाकी सगळं लोखंड आरशासारखं. आधीच्या रविवारांना कुणीतरी त्याच्या कडेकडेनं पुसत गेलेलं दिसत होतं.

साहेबांनी हात पुढे केला. पंजा नव्हे. एक बोट, थरथरणारं. ते त्यांनी त्या ठिपक्याच्या अगदी जवळ नेलं आणि आर्मररला दाखवलं.

"गंज नाई तो. राहू द्या तेवढं."

"पर हाय काय ते?"

"कुंकू."

आर्मररनं माझ्याकडे पाहिलं. काकू गेल्या त्या दसऱ्याला पाट मांडलाच नव्हता असं मी समजत होतो.

"ती म्हने लावून तं पाहा, काही नाई होत," साहेब म्हणाले. "किती वर्ष म्हनत होती."

आर्मररनं बोळा खाली ठेवला. पिन घासून झाल्यावर त्यानं नळी पुन्हा बसवली, स्लाइड पुढे सोडली, आणि ठिपका आत झाकला गेला. साहेब त्यानंतरचा दसरा पाहू शकले नाहीत. इटालीण काचेत आहे, खाली पाटी आहे, पोरं येतात, पाहतात. सांध्यात कुंकू गेलं, ओल धरली, तरी अजून गंज आलेला नाही म्हणतात.